आप्पासाहेबांचा चांदीचा फोन

"टॉवर आडवा करायचा! आजच्या आज!" ओसरीवर जमलेल्या माणसांसमोर आप्पासाहेब खराडे गरजले.

नांदरवाडीचा मोबाईलचा टॉवर उभा होता आप्पासाहेबांच्याच माळावर. दसऱ्यापासून त्यांच्या नव्याकोऱ्या फोनला रेंज मिळेना. चुकून मिळालीच, तर बोलता बोलता फोन आपोआप बंद पडे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. लेक नाशिकला, दिवस भरत आलेले. तिचा फोन लागेना म्हणून आप्पासाहेबांचा जीव टांगणीला लागलेला; पण दुसऱ्याच्या फोनवरून बोलणं त्यांना कमीपणाचं वाटे. तालुक्याच्या दुकानात जाऊन आले, पण तिथल्या माणसाला फोनला हात लावू देतील तर ना! शेवटी सगळा राग निघाला टॉवरवर.

गर्दीत रेश्मा तांबोळी उभी होती. एसटी स्टँडवर बापाच्या पानटपरीच्या कोपऱ्यात टेबल टाकून ती मोबाईल दुरुस्त करायची. टॉवर गेला की गावातले सगळे फोन मुके होणार, आणि मुके फोन दुरुस्तीला कोण आणणार? ती पुढे झाली.

"आप्पासाहेब, टॉवरच्या आधी एकदा फोनला विचारून बघू का?"

"विचार की! पण माझ्या तीन अटी आहेत. फोन उघडायचा नाही. माझ्या हातातून घ्यायचा नाही. आणि हे कव्हर..." आप्पासाहेबांनी फोन वर धरला. मागून आणि चारी कडांनी चांदी झळकली. त्यांचा बैल शर्यतीत पहिला आला, तेव्हा त्यांनी ते खास सोनाराकडून ठोकून घेतलं होतं. पाठीवर उधळलेला बैल, कडेला वेलबुट्टी. "हे कव्हर काढा असं कुणी म्हटलं, की दुरुस्ती तिथंच बंद आणि टॉवर आडवा! आहे कबूल?"

गावकरी एकमेकांकडे बघायला लागले. कव्हरचा संशय सगळ्यांनाच होता, पण तोंड उघडायची कुणाची छाती होत नव्हती.

"कबूल!" रेश्मा म्हणाली आणि समोर मांडी घालून बसली. तिने फोनकडे पाहिलं, मग आप्पासाहेबांच्या मुठीकडे. बटणं असलेली कड चांदीखाली गडप झाली होती, आणि आप्पासाहेबांचा जाडजूड अंगठा नेमका तिथंच टेकला होता.

"आप्पासाहेब, तुमचा तो शर्यतीचा बैल... म्हातारा झाला म्हणे?"

"कोण म्हणतो?" आप्पासाहेब ताडकन ताठ झाले. मूठ आवळली गेली. "नाव सांग त्याचं! अजून दहा वर्षं पळेल तो! त्याच्या नुसत्या शेपटीला शिवून दाखवा म्हणावं!"

तोफ चालूच राहिली. मुठीत फोन थरथरला, काळा पडला आणि पुन्हा उजळला.

"हा बघा! परत गेला!"

"पण काय बैल आहे!" रेश्मा लगेच म्हणाली. "पंचक्रोशीत तोड नाही."

आप्पासाहेब खुलले, मूठ सैल पडली. फोन गुमान चालू राहिला. मग रेश्मा हळूच म्हणाली, "शेजारच्या गावचे मात्र म्हणतात, ती शर्यत ठरवून जिंकलेली..."

"काय?" पुन्हा मूठ, पुन्हा आरडाओरडा, आणि पुन्हा फोन काळा!

ओसरीवर खसखस पिकली. आप्पासाहेबांनी आपल्याच अंगठ्याकडे पाहिलं. चांदीचा पत्रा तिथं जरासा आत दबला होता.

"म्हणजे बटण मीच दाबून धरतोय होय?" ते पुटपुटले. "बरं, पण रेंजचं काय? ती काय अंगठ्यानं पळते?"

"काकू, लाडवाचा पितळी डबा देता का? रिकामा चालेल."

आप्पासाहेबांच्या पत्नी मालतीकाकूंनी आतून डबा आणला. रेश्माने आपला फोन सगळ्यांना दाखवला. रेंज पुरती भरलेली. तो डब्यात ठेवून तिने घट्ट झाकण लावलं. "आता लावा मला फोन."

काकूंनी आपल्या फोनवरून लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "आपण संपर्क करत असलेली व्यक्ती सध्या संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे."

"ऐका!" काकू म्हणाल्या. "पोरगी माझ्यासमोर बसलीय, आणि ही म्हणते बाहेर आहे!"

सगळे हसले. आप्पासाहेब मात्र हसले नाहीत. त्यांची नजर डब्यावरून कव्हरवर गेली, आणि एकदम डोळे चमकले.

"सापडलीस! धातूच्या आत रेंज शिरत नाही, म्हणजे कव्हर काढा असंच तुला म्हणायचंय! अट मोडली! टॉवर आडवा!"

"मी कुठं असं म्हटलं?" रेश्मा शांतपणे म्हणाली. "कव्हर आहे तिथंच राहू द्या, आप्पासाहेब. त्याला अजिबात हलवू नका. त्यातून फोन तेवढा बाहेर काढा!"

आप्पासाहेबांनी फोन उलटसुलट करून पाहिला. मग डाव्या हातात कव्हर घट्ट धरलं आणि उजव्या हाताने फोन ओढून काढला.

रेंजच्या काड्या एकेक करून उभ्या राहिल्या. त्यांनी लेकीला फोन लावला. पलीकडून आवाज आला, "अहो आप्पा, होतात कुठं? मी बरी आहे!" आप्पासाहेबांनी आनंदाच्या भरात फोन कचकन आवळला, तरी तो बंद पडला नाही. बटण आता उघडं दिसत होतं, अंगठा त्याच्यावर नव्हताच!

"जिंकलीस, पोरी!" बोलणं संपवून ते म्हणाले. "टॉवर राहील. पण एवढ्या हौसेनं केलेल्या या कव्हरचं आता मी करू तरी काय?"

"सुपारी ठेवा की," रेश्मा म्हणाली. "सुपारीला रेंज लागत नाही!"

आप्पासाहेब मांडीवर थाप मारून इतके हसले, की डोळ्यांत पाणी आलं. हसत हसतच त्यांनी करगोट्याला बांधलेला किल्ल्यांचा जुडगा सोडला, स्टँडसमोरच्या आपल्या रिकाम्या दुकानगाळ्याची किल्ली काढली आणि रेश्माच्या ओंजळीत टाकली.