नगाऱ्याची वेळ

"पण गप्प बसण्यात कसलं पाप, बाबा?"

सुभानबाबा फकीर दर्ग्याच्या पायरीवर बसून धरणाच्या पाण्याकडे बघत राहिले.

"मी उद्या चौकशीला जाणारच नाही. जो बोललाच नाही, तो खोटं कसा बोलला?"

विश्वंभर शाळेत मास्तर होता, आणि बाबांच्या शिष्यांत सगळ्यात हुशार. वादात तो कुणाला हार जात नसे. धरणाच्या पाण्यात ठेकेदाराची होडी उलटली, तेव्हा काठावर तो एकटाच होता. होडीत मजूर बायका कशा कोंबल्या, नावाडी नको म्हणाला तर त्याच्या थोबाडीत कुणी दिली, सारं त्याने पाहिलं होतं. चार जणी परतल्या नव्हत्या.

"ठरवलंच आहेस, तर इथं कशाला आलास, मास्तर?"

"तुम्ही 'बरोबर' म्हणावं म्हणून."

"म्हणजे सही-शिक्का मारायला बाबा!"

विश्वंभर हसला नाही. "काल ठेकेदाराची जीप माझ्या मुलीच्या शाळेसमोर उभी होती. नुसती उभी... ड्रायव्हरने तिला नावाने हाक मारली."

बाबांनी मान हलवली.

सूर्य पाण्याला टेकला. रोज या वेळी बाबा दर्ग्याचा नगारा वाजवत. तो ऐकून होड्या परतत. अपघातापासून होड्या बंद होत्या, नगारा बंद नव्हता. समोरच्या उथळ पाण्यात हजारो अग्निपंख पक्षी उतरलेले असत. नगारा कितीही घुमला तरी त्यांतला एकही चोच वर काढत नसे.

आज नगाऱ्याच्या काठ्या बाबांच्या मांडीवर तशाच होत्या.

"बाबा, वेळ झाली..."

बाबा हलले नाहीत.

सूर्य बुडाला. वारा पडला. पाण्यात एक मान वर झाली. मग दुसरी. मग सगळ्याच. हजारो माना, ताठ, दर्ग्याकडे वळलेल्या.

विश्वंभर बाबांजवळ सरकला.

"बाबा, वाजवा ना..."

...

आणि धरण फुटावं तसा आवाज झाला. सगळा थवा एकदम उठला. उजेड गेला. पंखांनी उडवलेलं गार पाणी तोंडावर आदळलं. डोक्यावरून किंकाळ्यांची भिंत सरकत होती, संपता संपत नव्हती. विश्वंभर दोन्ही हातांनी डोकं झाकून पायरीला चिकटला. मुलीचं नाव घेऊन ओरडला, पण त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही.

मग पाणी रिकामं झालं.

"कुणी... कुणी उडवले ते?" त्याचे दात वाजत होते. "साधा खडासुद्धा पडला नाही, बाबा! कुणी काहीच केलं नाही!"

बाबांनी मांडीवरच्या काठ्या उचलल्या आणि त्याच्या हातात दिल्या.

"आज मी गप्प बसलो होतो, मास्तर."