उसनी पट्टी

फार वर्षांपूर्वी, जावा बेटावरची वाद्यं बोलायची तेव्हाची ही गोष्ट. तिथे गामेलान नावाचा वाद्यमेळ असतो. त्यातली काशाची वाद्यं एकमेकांशी सूर जुळवूनच घडवतात, त्यामुळे एका गावच्या मेळाचा सूर दुसऱ्या गावच्या मेळाशी जुळत नाही.

एकदा एका गावात ऐन लग्नाच्या दिवशी मेळातल्या एका वाद्याची, हातोडीने वाजवायची काशाची पट्टी तडकली. वादक वागिमान घाईघाईने शेजारच्या गावातून तशीच पट्टी उसनी घेऊन आला. बिचारी आधीच घाबरट. हातोडी पडताच ती दचकून वाजली आणि बाकीच्या पट्ट्या खिदळल्या, "अगं बाई, ही कुठून धरून आणली?"

"थोडी घासली की बसेल सुरात," म्हणत वागिमानने कानस उचलली.

पट्टी कळवळली. ती टांगलेल्या मोठ्या गाँगला म्हणाली, "आजोबा, मला घासलं तर मी माझ्या घरी बेसूर होईन हो!"

गाँग घुमला, "वागिमान, ठेव ती कानस. लेक आली तशीच घरी जाऊ दे. तिची जागा आज रिकामी राहील."

"आणि पाहुणे हसले तर?"

"हसू देत की. आपलं हसं झालं तरी चालेल, तिचं घर तुटायला नको."

संध्याकाळी पट्टी घरी परतली. बहिणींनी तिला घेरलं, "काय गं, तिकडे काय वाजवलंस?"

"काहीच नाही," ती म्हणाली. "माझ्यासाठी त्यांनी लग्नाच्या गाण्यातला एक सूर सोडून दिला."