लंगडणारे ससे

माळावर सशांचा खो-खो रंगायचा, त्या काळातली गोष्ट. डोंगरावरचे ससे ओढ्याकाठच्या सशांना दरवर्षी धूळ चारायचे. शिवाय सामना संपला की त्यांचा कप्तान गाजरं दाखवून ओढ्याकाठचा सगळ्यात चपळ गडी घेऊन जायचा.

एका वर्षी ओढ्याकाठचे सगळे ससे मुद्दाम लंगडत खेळले आणि सपाटून हरले.

"म्हातारबा, तुमच्यात नेण्यासारखं एकही पोर नाही?" कप्तानानं संशयानं विचारलं.

"सगळे ठोंबे आहेत, बाबा," म्हातारा ससा म्हणाला.

कप्तान वळून वळून बघत गेला. तो दिसेनासा होईपर्यंत सगळे लंगडत राहिले, मग सुसाट घराकडे सुटले. सगळ्यात चपळ ठिपक्या मात्र गाजरांचा वास घेत तिथेच उभा राहिला.

त्या दिवसापासून म्हातारबा ठिपक्याच्या बिळाच्या तोंडाशी झोपायला लागला.