कानांचं कुरण

त्या पठारावर हरणं होती आणि एक बिबळ्या होता. बिबळ्या यायच्या आत तो येतोय हे कळणं, एवढंच तिथलं शिक्षण. त्या विद्येला चाहूल म्हणत आणि ती थोरली नावाची म्हातारी हरिणी शिकवी. पाडसांना ती दिवसभर मागे मागे फिरवी. वाऱ्यात नाक, पाचोळ्यात कान, गवतात डोळा, सगळं एकाच वेळी. कुणी चुकलं की ढुशी. तिच्याकडून हसत घरी आलेलं पाडस कुणाच्या पाहण्यात नव्हतं.

तामणीचा शेवरा तर रोज रडत येई. कानाचा तो तिखट होता, पण वास म्हटला की त्याला काही उमगत नसे, आणि बाकीची पाडसं त्यावरून त्याला पिडत. तामणीचा जीव तुटे. एकदा ती भर कळपात बोलून गेली, "ज्याला ज्यात गती आहे ते त्याला शिकवावं की. सगळ्यांना एकाच दाव्याला कशाला बांधायचं?" हरिणींनी माना डोलावल्या. वरच्या झाडावर पोपट बसले होते, त्यांनीही डोलावल्या.

पोपटांना स्वतःला चाहूल येत नव्हती. मात्र कुणाचंही बोलणं जसंच्या तसं कुठेही पोचवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांनी थोरलीला लांबच्या कड्यावर नेऊन बसवलं. तिने तिथून शिकवायचं, पोचवायचं काम त्यांचं. मग प्रत्येक पाडसाला एकच प्रश्न विचारला गेला: तुला कसं शिकायला आवडतं? उत्तरांप्रमाणे तीन कुरणं पडली. नाकाच्या कुरणात बिबळ्याचा वास लागलेली पानं जात, डोळ्यांच्या कुरणात ठिपकेदार केसांचे पुंजके, आणि कानांच्या कुरणात नुसता थोरलीचा आवाज. उरलेलं पोपट वाटेतच गाळून टाकत.

"पण मी शिकवू कुणाकडे बघून?" थोरलीने विचारलं.

"बघायचं कशाला? पाडसं खूश आहेत," पोपट म्हणाले.

आणि ती खरंच खूश होती. शेवऱ्याचं रडणं थांबलं. डोळे मिटले की जास्त नीट ऐकू येतं असा त्याला शोध लागला, पोपटांनी त्याची वाहवा केली, आणि मग ते अख्खं कुरणच डोळे मिटून शिकू लागलं. घरी येताना तो करवंदीच्या जाळीत धडके. तामणी हसून त्याचं खरचटलेलं नाक चाटी आणि शेजारणींना सांगे की ओढ्यापलीकडचं मुंगूससुद्धा याला ऐकू येतं. आई झाली म्हणजे असलं थोडं मिरवायचंच. दर धड्यानंतर पोपट विचारत, "आवडलं?" आणि पाडसं एका सुरात सांगत, "आवडलं."

पुढे नाकाच्या कुरणात पाडसं कमी दिसू लागली. पोपट म्हणाले, काहींनी शिकणं मध्येच सोडलं, असं व्हायचंच. जी उरली आहेत ती पूर्वीपेक्षा जास्त खूश आहेत. मग डोळ्यांच्या कुरणातूनही काहींनी सोडलं. सोडून ती गेली कुठे, हे मात्र पोपटांना कुणी विचारलं नाही. तामणीनेही नाही. तिचा शेवरा कानांच्या कुरणात होता.

एका सकाळी पाणवठ्यावर तिला केवडी भेटली. केवडीचं पाडस नाकाच्या कुरणातलं. ती पाणी पीत नव्हती, नुसती पाण्याकडे बघत उभी होती.

"वारा उलटा होता गं त्या दिवशी," केवडी म्हणाली. "समोरून असता तर माझ्या पोराने नक्की ओळखलं असतं. फार हुशार होतं."

"आणि डोळ्यांच्या कुरणातली?"

"तेव्हा धुकं होतं म्हणे."

तामणीने खाली पाहिलं. रात्रभर दंव पडलं होतं. तिच्या खुरांखालचा पाचोळा भिजून मऊ झाला होता आणि पाणवठ्यापर्यंत येताना तिचं स्वतःचं पाऊलही वाजलं नव्हतं. हे सगळं आपणच आपल्या तोंडाने मागितलं होतं, हे तिला आठवलं. ती धावत सुटली.

कानांच्या कुरणात ऊन पडलं होतं. फांदीवरचा पोपट थोरलीच्या आवाजात सांगत होता, वाळकं पान मोडलं की असं वाजतं. पाडसं अर्धगोल करून बसली होती, डोळे मिटलेले, कान ताठ. आणि त्यांच्या समोर, गवताचा आडोसाही न घेता, बिबळ्या उन्हात बसला होता. तोही धडा ऐकत होता.

"शेवऱ्या, पळ!" तामणी ओरडली. "समोर आहे तो. डोळे उघड!"

सगळे कान तिच्याकडे वळले. शेवऱ्याने आईचा आवाज ओळखला, आणि आई पाहायला आली म्हणून त्याला बरंही वाटलं.

"घाबरू नकोस आई," तो डोळे न उघडता म्हणाला. "मी ऐकतोय ना. पाऊल कुठलंच वाजलेलं नाही."

बिबळ्या उठला आणि ओल्या पाचोळ्यावरून चालू लागला. शेवऱ्याचे दोन्ही कान आईच्याच दिशेला होते.