हन्नाची एकुलती एक इच्छा

चांदेपूर नावाचं एक चिमुकलं गाव होतं. गावात लाल कौलांचं इवलंसं चर्च आणि चर्चच्या भिंतीला टेकून लुदियाबाईची एवढीशी खोली. लुदियाबाई लोकांचं दळण दळायची. तिची लेक हन्ना, आठ वर्षांची. फ्रॉकला चार रंगांची चार ठिगळं, पण हसली की गालावर अश्शी खळी!

त्या घरात एक रीत होती. चूल पेटवायच्या आधी एक मूठ धान्य मडक्यात टाकायचं. ती प्रभूची मूठ. रविवारी ती चर्चमध्ये जायची आणि तिथून एखाद्या भुकेल्याकडे.

एकदा लुदियाबाई तापाने फणफणली. दळण थांबलं, डबे रिकामे झाले. उरले फक्त मूठभर तांदूळ. "आईला पेज करते," म्हणत हन्नाने मूठ भरली आणि, अगंबाई! हाताला सवयच ना, ती मूठ गेली थेट प्रभूच्या मडक्यात!

आता? टाकलेली मूठ परत काढायची नसते. हन्नाच्या डोळ्यांत टपोरे थेंब आले. मडकं कडेवर घेऊन ती चर्चच्या बागेत शिरली.

बागेत अबोली, जास्वंद, सोनटक्का नुसते बहरून आले होते! आणि सोनटक्क्याच्या शुभ्र पाकळीवर बसली होती एक बोटभर परी. पंख मोरपिशी, झगा चंदेरी, तोंड मात्र आंबट.

"भूक लागलीय," परी कुरकुरली. "मडक्यात काय आहे गं?"

"प्रभूची मूठ. भुकेल्यासाठीच असते. घ्या ना."

परीने कच्चे तांदूळ कुटूकुटू फस्त केले, दाणासुद्धा ठेवला नाही!

"तुम्ही देवदूत आहात?" हन्नाने हळूच विचारलं.

"छे गं! देवदूत केवढे मोठे! मी त्यांच्या बागेत कळ्या उघडते. पण तुला एक इच्छा देते. एकच हं! आणि नियम ऐक. जे हातांनी होईल, ते माझ्याकडे मागायचं नाही."

"माझ्या आईला बरं..."

"हातांनी करून पाहिलंस?"

हन्ना थबकली. मग जी धूम ठोकली! आईच्या कपाळावर गार पट्ट्या ठेवल्या, पाळकबाईंकडून पेज मागून आणली, दवाखान्यातल्या नर्सबाईंचा हात धरून त्यांना ओढतच घरी आणलं. तिसऱ्या दिवशी आई उठून बसली. आणि इच्छा? तशीच शिल्लक!

हन्ना मोठी झाली. लग्न झालं, लेकरं झाली. गावात पूर आला, साथ आली. दर वेळी ती इच्छा अगदी ओठांवर यायची. मग हन्ना डोळे मिटून प्रार्थना करायची, डोळे उघडून आपल्या हातांकडे बघायची आणि पदर खोचायची. पुरात तिने शंभर घरांसाठी भाकऱ्या थापल्या. साथीत परक्यांच्या उशाशी बसली.

असं करत करत ती नव्वद वर्षांची झाली. केस कापसासारखे पांढरे झाले आणि डोळ्यांतला दिवा विझला. डॉक्टर म्हणाले, "आजी, याला ऑपरेशन नाही." पवित्र शास्त्र मांडीवर घेऊन ती पानांवरून नुसती बोटं फिरवायची.

एका सकाळी ती ताडकन उठली. "अगंबाई! हे काही हातांनी व्हायचं नाही!" काठी टेकत, टुकटुक करत ती बागेत गेली.

"परीबाई, सलाम! आहात का?"

"किती उशीर गं! ब्याऐंशी वर्षं वाट बघतेय. पाकळीवर बसून बसून कंबर मोडली माझी. माग बघू!"

"मला माझे..."

तेवढ्यात शेजारची सुवार्ता रडत धावत आली. तिची सात वर्षांची दीना पाच दिवस तापात होती, डोळेच उघडत नव्हती. "हन्नाआजी, प्रार्थना करा हो! डॉक्टरांनी सगळं करून पाहिलं. आता नुसती वाट बघा म्हणतात!"

हन्नाआजीचे हात आपोआप पदराकडे गेले. पण पदर खोचून करायचं काय? पट्ट्या झाल्या, औषधं झाली.

"एकच आहे हं, हन्ना," परी कानात कुजबुजली.

हन्नाआजीला पवित्र शास्त्राची ती पानं आठवली, मुंग्यांच्या रांगेसारखी काळी काळी अक्षरं आठवली. मग ती म्हणाली, "दीनाला बरं करा. पटकन!"

"आणि तुझे डोळे?"

"मला वचनं पाठ आहेत. तुम्ही जा बघू आधी!"

भिरर्र! पंख फडफडले. पलीकडच्या घरातून खणखणीत हाक आली, "आई, भूक लागली!" सुवार्ता हसत-रडत घराकडे पळाली, तर दीनाच अनवाणी धावत आली आणि हन्नाआजीच्या कमरेला बिलगली.

"तुझी इच्छा संपली, हन्ना," परी म्हणाली. "पण हे माझं नाही, हे वरून आलंय." तिने मोरपिशी पंख आजीच्या पापण्यांवरून फिरवले, सोनेरी, गुलाबी, निळ्या ठिणग्यांची गिरकी घेतली आणि झळाळत्या उजेडात ती दिसेनाशी झाली.

परी गेली. उजेड मात्र गेला नाही!

हन्नाआजीने डोळे चोळले. सोनटक्का पांढराशुभ्र! कौलं लालचुटूक! आणि समोर, वेण्या सुटलेली एक पोर आ वासून बघत होती.

"अगं दीने," हन्नाआजी आनंदाने ओरडली, "केवढा शेंबूड आलाय तुझ्या नाकाला!"