पडद्यामागचे उत्तर

घाटमाथ्यावरच्या वडजाई गावात मानाजीशेठ नावाचा गुळाचा व्यापारी राहत होता. माणूस कष्टाळू होता, हाताचा सढळ होता, आणि बायकोवर त्याचा जीवही होता. खोड एकच. तो प्रश्न विचारायचा आणि उत्तर यायच्या आत पुढचे बोलू लागायचा. गिऱ्हाइकाला विचारायचा, "कसा वाटला गूळ?" आणि त्याच्या तोंडातला खडा विरघळायच्या आधीच म्हणायचा, "आवडणारच!" घरात बायकोला, सगुणाला, विचारायचा, "आज भाजी कशाची करतेस?" आणि लगेच सांगायचा, "वांग्याचीच कर."

सगुणा हसून सोडून द्यायची. तिने आयुष्यात एकच हट्ट धरला होता. लहानपणी तिच्या माहेरी बांगड्या भरायला एक कासार यायचा. तो कोकणातला होता. तो सांगायचा, "पोरी, समुद्रात एक जागा अशी येते की चारी बाजूंना नुसतं पाणी. दुसरं काही नाही." ते पाणी सगुणाच्या मनात राहिले होते. लग्न होऊन ती वडजाईला आली, मुले झाली, मुलांची लग्ने झाली, तरी ते पाणी तसेच होते.

माडबंदरच्या राजाने एक मोठे जहाज बांधले होते. त्यात माल भरायचा नाही, तोफा चढवायच्या नाहीत, माणसांनी फक्त हिंडायचे. वर्षातून एकदा, मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला, दुपारच्या भरतीवर ते जहाज निघायचे आणि पाहुण्यांना बेटाबेटांतून फिरवून आणायचे. मानाजीने त्यात दोन जागा मिळवल्या आणि गावभर सांगितले, "हिला समुद्र दाखवायला नेतोय!"

दोघे दमणीतून निघाली. दमणी म्हणजे छप्पर असलेली प्रवासाची बैलगाडी. मानाजी पुढे बसून बैल हाकत होता. मागे, त्या घरच्या रिवाजाप्रमाणे, पडदा सोडून सगुणा बसली होती. बैलांच्या गळ्यांत मानाजीने हौसेने मोठमोठ्या घुंगुरमाळा बांधल्या होत्या. त्यांचा आवाज दुसऱ्या डोंगरावर ऐकू जाई.

"बरं वाटतंय ना गं?" मानाजीने विचारले.

"बरं आहे, पण डावं चाक कुरकुरतंय..."

"वाटणारच! हवा कशी छान आहे!"

घाट अर्धा उतरला आणि डाव्या चाकाची खीळ निसटून चाक निखळले. नवी खीळ तासून बसवेपर्यंत दिवस कलला.

दुसऱ्या दिवशी वाटेला फाटा फुटला. तिथे एक म्हातारा धनगर बसला होता. मानाजीने विचारले, "बाबा, माडबंदरला कोणती वाट?"

"डावीकडची जवळची," धनगर म्हणाला. "पण..."

तो 'पण' धुळीत राहिला. दमणी डाव्या वाटेला लागलीसुद्धा. पुढे नदी आली. नदी ओलांडायचा उतार पावसाळ्यात वाहून गेला होता आणि गाडी जाण्यासारखी जागाच उरली नव्हती. त्यांना सगळे अंतर मागे यावे लागले. धनगर तिथेच बसला होता.

"तेच सांगत होतो," तो म्हणाला, आणि त्याने शेळ्यांकडे तोंड फिरवले.

अशा रीतीने हाताशी राखून ठेवलेला सगळा वेळ संपला. पौर्णिमेच्या सकाळी ती दोघे घाटाच्या पायथ्याशी एका चिंचेखाली थांबली. बाजूला विहीर होती, आणि सावलीला आणखी काही वाटसरू बसले होते. बैल पाणी पिऊ लागले. सगुणा मागच्या बाजूने उतरली आणि तांब्या भरून घ्यायला विहिरीवर गेली. जाताना तिने सांगितले होते, "पाणी घेऊन येते हं." पण तेव्हा मानाजी उन्हाकडे बघत स्वतःशीच बोलत होता.

बैलांनी माना वर केल्या. मानाजी पुढे चढून बसला आणि पडद्याला म्हणाला, "निघायचं ना? चल, निघू!" आणि त्याने कासरा हलवला.

सगुणा तांब्या घेऊन वळली, तर दमणी रस्त्याला लागलेली.

"अहो!" ती ओरडली. "अहो! थांबा!"

चिंचेखाली बसलेले सगळे पुरुष वळून बघू लागले. एकटा मानाजी वळला नाही. घुंगुरमाळा खणखणत लांब गेल्या.

शेजारी हंसा नावाची कोळीण होती. वरच्या बाजारात सुकट विकून ती रिकामी पाटी घेऊन बंदरावर परत चालली होती. ती म्हणाली, "अगं बाय, 'अहो' काय करतेस? 'अहो' काय एकटा तुझाच आहे? नाव घेऊन हाक मार!"

सगुणाने कानावर हात ठेवले. "नवऱ्याचं नाव घेऊ? त्यांचं आयुष्य कमी होईल."

"मी तर रोज घेते, वर शिव्या घालून घेते," हंसा म्हणाली. "माझा अजून दोन माणसांचं जेवतो!"

सगुणाला रडता रडता हसू आले. तोवर दमणी वळणाआड गेली होती.

"रस्त्यानं चालत गेलीस तर तुला जहाज मिळायचं नाही," हंसा म्हणाली. "माझ्याबरोबर चल. पाऊलवाटेनं खाडीवर उतरू आणि तरीनं पलीकडे जाऊ. तर म्हणजे माणसं उतरवायची होडी. बसशील ना?"

सगुणा कधी होडीत बसली नव्हती. पण तिला जहाज गाठायचे होते. ती निघाली.

इकडे मानाजी खुशीत होता. वाटभर तो पडद्याशी बोलत होता. "माड बघितलेस का? केवढे उंच, नाही? जहाजावर तुला पुढच्या बाजूला बसवतो. तुला आवडेल ना? आवडेलच!" मधूनच तो म्हणे, "झोपलीस काय गं? झोप, झोप." पडदा वाऱ्याने हलत होता. मानाजीला तेवढे पुरत होते.

शेवटची टेकडी ओलांडली आणि एकदम समुद्र दिसला. मानाजीनेही तो कधी पाहिला नव्हता. त्याच्या हातातला कासरा सैल पडला. बऱ्याच वेळाने तो हळूच म्हणाला, "अगं, केवढा आहे! तुला कसा वाटतो?"

या प्रश्नाचे उत्तर त्याला खरोखरच हवे होते. म्हणून तो थांबला. उत्तर आले नाही. त्याने पुन्हा विचारले. मग त्याने पडदा बाजूला केला.

आत गोधडी होती, भाकऱ्यांचे गाठोडे होते, आणि सगुणाच्या बसण्याने चेपलेली उशी होती.

तो तसाच टेकडी उतरून धक्क्यावर आला. जहाज नवरीसारखे सजले होते. पाहुणे चढत होते. जहाजाचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, फळीजवळ उभा होता. मानाजीने त्याला सगळे सांगितले.

तांडेल म्हणाला, "शेठ, भरती पुरी झाली की दोर सोडावा लागतो. पाणी उतरलं तर जहाज रेतीत बसेल. बाईंना हुडकून आणेपर्यंत थांबता यायचं नाही."

वरून एक ओळखीचा व्यापारी ओरडला, "मानाजीशेठ, चढा वर! वहिनी काय हरवणार आहेत थोड्याच? धक्क्यावर येऊन बसतील. पुढच्या वर्षी न्या त्यांना!"

मानाजीने जहाजाकडे पाहिले. सगळ्या गावाला सांगून तो निघाला होता. न जाता परतला तर पारावर वर्षभर चेष्टा होणार होती. फळी दोन पावलांवर होती. त्याने एक पाऊल उचललेही. मग त्याला ती चेपलेली उशी आठवली.

"मी मागं जातो," तो म्हणाला. "इकडे आली तर तिला बसवून ठेवा."

"ओळखू कसं?" तांडेलाने विचारले. "लुगडं कुठल्या रंगाचं आहे?"

मानाजीला सांगता येईना. सकाळी निघताना तिने विचारले होते, "हे लुगडं बरं दिसतं का?" तो म्हणाला होता, "दिसणारच!" पण त्याने पाहिले नव्हते. तो मान खाली घालून दमणीकडे वळला.

बैल जुंपताना घुंगुरमाळा वाजल्या. मानाजीने त्या दोन्ही काढल्या आणि गोधडीत गुंडाळून ठेवल्या. वाटेत कुठून तिने हाक मारली, तर ती ऐकू यायला हवी होती. टेकडीच्या चढावर भेटेल त्याला तो विचारू लागला, आणि विचारून थांबू लागला. एका म्हातारीला दम लागला होता. तिला 'नाही पाहिली बाबा' म्हणायला फार वेळ लागला. तेवढा वेळ तो तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

तोवर खाडीवरची तर धक्क्याच्या दुसऱ्या अंगाला लागली. सगुणा उतरली. तिचे डोळे चमकत होते. हंसाने तिला धक्क्यापर्यंत आणून सोडले.

तांडेलाने विचारले, "वडजाईच्या मानाजीशेठच्या घरच्या का तुम्ही? ते तुम्हाला हुडकायला गेले. ती बघा गाडी."

टेकडीच्या चढावर दमणी हळूहळू वर जात होती. वर एक वळण होते.

"तुमची जागा आहे," तांडेल म्हणाला. "चढायचं तर आता चढा. दोर सोडायची वेळ झाली."

सगुणाने जहाजाकडे पाहिले. त्याच्या पलीकडे ते पाणी होते. आयुष्यभर मनात राहिलेले. मग तिने दमणीकडे पाहिले. एकदा वळण ओलांडले की तो पायथ्यापर्यंत जाणार, चिंचेखाली तिला शोधणार, आणि ती तिथे नसणार.

ती चार पावले पुढे गेली आणि ओरडली, "अहो!"

धक्क्यावरचे आणि जहाजावरचे सगळे पुरुष वळले. टेकडीवर मानाजीलाही ती हाक ऐकू आली. पण 'अहो' कुणालाही कुणीही म्हणते. कुणाचे तरी माणूस कुणाला तरी बोलवत असेल, असे त्याला वाटले. दमणी वळणापाशी पोचली.

मग सगुणाने डोळे मिटले आणि छातीत मावेल तेवढा श्वास घेतला.

"मानाजी!"

धक्क्यावरचा गलबला एकदम थांबला. हंसा कोळीण तेवढी टाळ्या पिटत होती. समुद्रावरचा वारा टेकडीकडे वाहत होता. त्याने ती हाक उचलून नेली. दमणी थांबली.

मानाजी धावत खाली आला. त्याचे पागोटे वाटेत कुठेतरी पडले. तो पोचला तेव्हा दोर सुटला होता, आणि जहाज धक्क्यापासून दूर सरकत होते. तांडेलाने दोन्ही हात जोडून माफी मागितली. वरचे व्यापारी काहीतरी ओरडून हसत होते.

दोघे धक्क्याच्या पायरीवर बसली. मानाजीला बराच वेळ धाप लागली होती.

"नाव घेतलंस माझं," तो शेवटी म्हणाला. "आता किती आयुष्य उरलं गं?"

"उरलंय तेवढ्यात जरा ऐकत जा," सगुणा म्हणाली.

मानाजीने मान डोलावली. तिचे लुगडे गर्द निळे होते. त्याने ते आता पाहिले. मग तो म्हणाला, "तुझं जहाज माझ्यामुळं चुकलं. आता काय करायचं?"

सवयीने सगुणा वाट बघत राहिली, की पुढचे तोच बोलेल. तो बोलला नाही. लाटा पायरीवर येऊन गेल्या. तो तिच्याकडे बघत होता आणि थांबला होता. इतक्या वर्षांत अशी शांतता तिच्या वाट्याला आली नव्हती. तिने ती घाईने मोडली नाही. नीट विचार केला.

"तरीत बसू," ती म्हणाली. "तरवाल्याला म्हणू, खाडीच्या तोंडाशी जरा बाहेर ने."

"मला भीती वाटेल."

"मलाही वाटली. खाली टेकून बसायचं आणि काठ धरायचा नाही. माझा हात धरा."

तरवाल्याने त्यांना खाडीच्या तोंडाबाहेर नेले. मोठ्या समुद्राचे पाणी होडीला खालून उचलत होते. तीन बाजूंना पाणी होते. चौथ्या बाजूला बंदर, धक्का आणि टेकडीवर उभी दमणी होती.

"तुला चारी बाजूंना पाणी हवं होतं," मानाजी हळूच म्हणाला. "हे कसं वाटतं?" आणि तो गप्प बसला.

सगुणाने जागच्या जागी वळून बंदराकडे पाठ केली. पदर सोडून दिला, तो वाऱ्यावर उडू लागला. ती बराच वेळ काहीच बोलली नाही, आणि मानाजी बराच वेळ थांबला.

"आता चारी बाजूंना आहे," ती म्हणाली.

तात्पर्य: विचारून जो उत्तरासाठी थांबत नाही, तो कुणालाही सोबत घेऊन निघाला तरी एकटाच पोचतो.