टिल्लीची सफरचंदाची पुरचुंडी

एक होती उंदरी. तिचं नाव टिल्ली.
टिल्ली एवढीशी. शेपूट मात्र लांबलचक!

एकदा टिल्लीला मिळालं एक सफरचंद. छोटंसं, लालचुटुक.
टिल्ली ते ढकलत निघाली. सफरचंद गडगड गडगड. टिल्ली टुणुक टुणुक.

वाटेत आला उतार. सफरचंद सुटलं!
गडगड गडगड गडगड... गेलं थेट फिलूमावशीच्या घरात.

फिलूमावशी करत होती पुरचुंड्या. सफरचंद सोलायचं. आत साखर भरायची. कणकेच्या पोळीत गुंडाळायचं. वर चिमटा काढायचा. झाली पुरचुंडी!
मावशीने टिल्लीचं सफरचंद उचललं. सोललं, भरलं, गुंडाळलं, चिमटलं. ठेवलं भट्टीत!

"मावशी, मावशी, ते माझं आहे!"

"अगं बाई, तुझं होतं होय? मला काय ठाऊक! आता भाजू दे. मग पुरचुंडी तुझीच. पण वर लोण्याचा गोड पाक नको? घरात लोणी नाही बघ. लोणी आण, मग पाक करीन."

टिल्लीला बसवेना. टिल्लीला थांबवेना.
निघाली टुणुक टुणुक. गेली रेजिनाकाकीकडे.

"का गं टिल्ली, एवढी घाई?"

"काकी, काकी, लोणी काढ!
मावशी पाक करेना,
माझी पुरचुंडी मिळेना!"

काकी म्हणाली, "दही आहे, रवी आहे. पण रवीची दोरी तुटली. घुसळू कशी? दोरी आण, मग लोणी काढीन."

टिल्लीला बसवेना. टिल्लीला थांबवेना.
निघाली टुणुक टुणुक. गेली अंतोनबाबाकडे.

"का गं टिल्ली, एवढी घाई?"

"बाबा, बाबा, दोरी वळ!
काकी लोणी काढेना,
मावशी पाक करेना,
माझी पुरचुंडी मिळेना!"

बाबा म्हणाला, "वळतो की! पण काथ्या कुठाय? नारळ आण, सोलतो, काथ्या काढतो. मग दोरी वळीन."

टिल्लीला बसवेना. टिल्लीला थांबवेना.
निघाली टुणुक टुणुक. गेली माडाकडे.

"का गं टिल्ली, एवढी घाई?"

"माडा, माडा, नारळ टाक!
बाबा दोरी वळेना,
काकी लोणी काढेना,
मावशी पाक करेना,
माझी पुरचुंडी मिळेना!"

माड म्हणाला, "घसा सुकला गं माझा. पाणी आण, मग नारळ टाकीन."

तेवढ्यात वास आला. खमंग! पुरचुंडी भाजत होती.
टिल्लीला बसवेना. टिल्लीला थांबवेना.
निघाली टुणुक टुणुक टुणुक. गेली विहिरीवरच्या रहाटाकडे.

"का गं टिल्ली, एवढी घाई?"

"रहाटा, रहाटा, पाणी काढ!
माड नारळ टाकेना,
बाबा दोरी वळेना,
काकी लोणी काढेना,
मावशी पाक करेना,
माझी पुरचुंडी मिळेना!"

रहाट म्हणाला, "कुर्रर्र... मी एकटा कसा फिरू? बैलाला उठव, मग पाणी काढीन."

बैल होता झाडाखाली. केवढा मोठा! मान हलवत होता. कान झटकत होता. फट् फट्!
टिल्लीचं काळीज धडधड. तरी गेली पुढे.

"का गं टिल्ली, एवढी घाई?"

"बैला, बैला, ऊठ ना!
रहाट पाणी काढेना,
माड नारळ टाकेना,
बाबा दोरी वळेना,
काकी लोणी काढेना,
मावशी पाक करेना,
माझी पुरचुंडी मिळेना!"

बैल म्हणाला, "कसा उठू? कानात कुसळ गेलंय. टोचतंय गं! माणसांची बोटं जाड, आत जात नाहीत. कुसळ निघालं, तर उठीन."

टिल्लीने आपले पंजे पाहिले. चिमुकले, नाजूक.
"मी काढते!" म्हणाली. "पण हलायचं नाही हं!"

चढली सरसर. शिरली कानात. आत काळोख. कुसळ धरलं. ओढलं. निघेना! पुन्हा ओढलं...
सुळ्ळकन निघालं!

"हाऽऽश!" म्हणत बैल उठला.

बैलाने ओढलं, रहाट फिरला. कुर्रर्र कुर्रर्र.
रहाट फिरला, पाणी आलं. झुळुझुळु.
पाणी आलं, माड प्यायला. नारळ पडला. धप्प!
नारळ पडला, बाबाने सोलला. काथ्याची दोरी वळली. गरगर.
दोरी आली, काकीने दही घुसळलं. घुर्र घुर्र. लोणी वर आलं. पांढरं, मऊ मऊ.
लोणी आलं, मावशीने पाक केला. रटरट रटरट.

मावशीने भट्टी उघडली. पुरचुंडी कशी? गोरी नाही, काळी नाही. खरपूस!
वर ओतला पाक. चुर्रऽऽ!

"घे गं बाई, तुझी तुला. थांब, गरम आहे!"

टिल्लीला कुठलं थांबवतंय? फू फू फू! फू फू फू!
मग घेतला एक घास. कणीक कुरकुरीत. सफरचंद मऊ. पाक गोड गोड.
अजून एक घास. अजून एक.

मावशी म्हणाली, "टिल्ली, कशी झालीय?"
टिल्ली बोललीच नाही. तोंड भरलं होतं ना!

पुरचुंडी संपली. पोट झालं टम्म.
टिल्ली बसली भट्टीच्या उबेला. मिशांवर पाक. पाय पसरलेले. शेपूट गुंडाळलेली.
आणि कुठ्ठे कुठ्ठे गेली नाही.